डिसेंबर तिसरा कसा?

खापरखेड्याच्या १३४० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राभोवती राहणाऱ्या माणसाचा प्रश्न साधा असतो: हवेतली धूळ कधी वाढते आणि कुठे?

उत्तरादाखल बारा महिन्यांचा बॉक्स प्लॉट पुढे ठेवला, असे समजा. प्रत्येक महिन्याची एक पेटी. तिच्यात मधली निम्मी मोजमापे, आतली रेघ मध्यकाची. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांच्या १९७७ च्या पुस्तकाने रूढ केलेली ही रीत उत्तम आहे. पण ‘आर’सारख्या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीत महिन्यांची इंग्रजी नावे नुसती भरली, की पेट्या अक्षरक्रमाने उभ्या राहतात: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी. डिसेंबर तिसरा, नोव्हेंबर दहावा! थंड हवेत धूळ जमिनीलगत अडकते तो हिवाळाच तुकड्यातुकड्यांत विखुरतो. एकही आकडा खोटा नाही, आणि तरी लोकांची दिशाभूल होते.

‘संगणकाने असेच दिले’ आणि ‘वाडवडिलांपासून असेच चालत आले’ या दोन उत्तरांत फरक काय? दोन्हींत विचाराची जबाबदारी दुसऱ्यावर ढकललेली. वास्तविक प्रणालीला क्रम सांगायला आज्ञेची एक ओळ पुरते.

कोणी म्हणेल, अक्षरक्रम निदान निःपक्षपाती आहे. नावांच्या लांब यादीत एखादे नाव शोधायचे असते, तिथे तो ठीक. इथे शेजारच्या पेटीशी तुलना करायची आहे.

दुसरा आक्षेप वजनदार: क्रम माणसाच्या हाती दिला, की तो सोयीने लावील. लावतोच! भारताच्या १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जाती सामाजिक प्रतिष्ठेच्या उतरंडीने लावायला घेतल्या. मोजणीच्या तक्त्याने उच्चनीचतेवर सरकारी शिक्का उमटवला, आणि वरची जागा मागणारे जातीजातींचे अर्ज सुरू झाले. या अनुभवातून क्रम नाकारण्याचे कारण निघत नाही. तो लावण्याचा नियम आधी जाहीर करण्याचे निघते. महिने कालक्रमाने. चनकापूर, पोटा, भानेगाव, वलनी ही आसपासची गावे धुराड्यापासूनच्या अंतराने. असा आधारच नसेल तिथे मध्यकाने. नियम आलेखाखाली छापावा आणि दरवर्षी तोच ठेवावा. नाहीतर नकोशी पेटी कोपऱ्यात सरकवायला मोकळे रान मिळते.

जनसुनावणीत असा आलेख पडद्यावर आला, तर या पेट्या या क्रमाने कोणी आणि का लावल्या, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढची स्लाइड लावू देऊ नका.