‘प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’



प्रार्थना सभेत किंवा रिट्रीटमध्ये कुणीतरी आपल्या मस्तकावर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि थोड्या वेळाने म्हणतो, ‘प्रभू मला तुझ्याविषयी काही सांगत आहे.’ मग परदेशातल्या नोकरीबद्दल, आजाराबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल एखादे वाक्य येते. ऐकणारा ते वाक्य घरी घेऊन जातो आणि त्याची झोप उडते. असे लोक वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो : ‘फादर, हे खरे मानायचे का?’

‘मानू नका’ म्हणून मोकळे होणे मला सोपे आहे, पण पवित्र शास्त्र ते करू देत नाही. संत पौल थेस्सलनीका येथील मंडळीला बजावतो की, संदेशांचा धिक्कार करू नका. आणि लगेच सांगतो की, सगळे पारखून घ्या. करिंथच्या मंडळीला तर त्याने शिस्तच घालून दिली : दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी (१ करिंथ १४:२९). म्हणजे देणगी खरी आहे आणि पारखही सक्तीची आहे. १९६७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कॅरिस्मॅटिक चळवळीने या देणगीची आठवण कॅथलिक घराघरांत पुन्हा जागवली, हे तिचे ऋण मी मानतो. पारखीचा भाग मात्र पुष्कळदा विसरला जातो.

पारख कशाची करायची? भाकीत खरे ठरते की नाही एवढीच, असे बहुतेकांना वाटते. अनुवादाच्या १८ व्या अध्यायात ही कसोटी आहेच. पण त्याआधी १३ व्या अध्यायात मोशे सांगून ठेवतो की, चिन्ह खरे ठरले तरी ते दाखवणारा तुम्हाला दुसऱ्या देवांच्या मागे नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. शिवाय खरे-खोटे ठरेपर्यंत थांबायला आपल्याला वेळ कुठे असतो? लग्न पुढच्या महिन्यावर आलेले असते, व्हिसाची मुदत संपत आलेली असते.

म्हणून मला दुसरी एक पारख अधिक मोलाची वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो अंत्युखियात येतो आणि मोठा दुष्काळ पडणार असे सांगतो. एवढेच. काय करायचे ते तो सांगत नाही. यहूदीयातील बांधवांना प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे मदत पाठवायची, हे शिष्य ठरवतात. दुसऱ्यांदा तो कैसरियाला फिलिपच्या घरी येतो. (फिलिपच्या चारही मुलींना संदेश देण्याचे दान होते, पण त्यांनी पौलाला काही सांगितल्याची नोंद लूक करत नाही.) अगब पौलाचा कमरबंद घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की, हा कमरबंद ज्याचा आहे त्याला यरुशलेमात असेच बांधतील. घरातली सगळी माणसे रडू लागतात, पौलाला ‘जाऊ नकोस’ म्हणतात.

अगबाने ‘जाऊ नकोस’ म्हटलेले नाही. ते जवळच्यांच्या प्रेमाने म्हटले. त्याआधी सोर येथेही शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला जाऊ नये असे सांगितले होते, आणि पौल स्वतः तर त्याच आत्म्याने बांधलेला म्हणून निघाला होता. आत्मा स्वतःच्याच विरुद्ध बोलेल काय? मला वाटते, पुढे संकट आहे हे सगळ्यांना खरोखर कळले होते. ‘म्हणून जायचे नाही’ ही भर माणसांची होती. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘आहे’ आणि ‘असावे’ यांच्यातल्या दरीवर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. फिलिपच्या घरात ती दरी डोळ्यांसमोर दिसते. संदेश अगबाचा होता, निर्णय पौलाचा होता, आणि तो त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकले नाही.

भर घालणारा ढोंगीच असतो असे नाही. दावीद राजाने मंदिर बांधायचा विचार बोलून दाखवला तेव्हा नाथानाने त्याला खुशाल बांध म्हणून सांगितले. त्याच रात्री देवाने नाथानाला ते मागे घ्यायला लावले (२ शमुवेल ७). नाथान खरा संदेष्टा होता. संत थॉमस अक्वायनास म्हणतात की, संदेष्ट्याला कधी स्पष्ट प्रकटीकरण होते, तेव्हा त्याला पूर्ण खात्री असते. पण कधी नुसती आंतरिक प्रेरणा होते, आणि तेव्हा देवाचे कोणते व आपल्या मनाचे कोणते हे त्याला स्वतःलाही नीट वेगळे करता येत नाही. हे वाक्य प्रत्येक प्रार्थना गटाच्या प्रमुखाने लिहून ठेवावे.

तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. एका मुलीचा साखरपुडा झाला होता. एका सभेत तिला सांगण्यात आले की, त्या मुलाच्या घरावर अंधार दिसतो, प्रभूची या लग्नाला इच्छा नाही. ती आली तेव्हा रडून रडून डोळे सुजले होते. मी विचारले, ‘बाय, मुलात तुला काही खटकले आहे का?’ ‘नाही फादर.’ ‘मग त्याला हे सांगितलेस?’ तेही नाही. तीन आठवडे ती त्याचा फोनच उचलत नव्हती. सांगणाऱ्याला मी खोटे म्हणणार नाही. त्याने ते मनापासून सांगितले असेल. पण एका माणसाविषयी निवाडा झाला आणि त्या माणसाला तोंड उघडायची संधीही मिळाली नाही, हा अन्याय आहे. तो प्रभूच्या नावाने केला म्हणून न्याय होत नाही. मी तिला फक्त त्याला भेटायला सांगितले. पुढे काय बोलले, काय ठरवले, ते त्या दोघांचे.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातली गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला बेथेलमध्ये अन्नपाणी घ्यायचे नाही, असे देवाने सांगितले होते. राजाचे आमंत्रण त्याने नाकारले. पण एक म्हातारा संदेष्टा आला, देवदूताचा निरोप आहे असे खोटे बोलला, आणि हा बिचारा त्याच्या घरी जेवला. परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. राजासमोर जो टिकला, तो दुसऱ्याच्या देवदूतापुढे हरला. जे त्याला स्वतःला स्वच्छ ठाऊक होते, ते त्याने सोडून दिले.

आपल्यालाही पुष्कळ गोष्टी स्वच्छ ठाऊक असतात. आईवडिलांना सांभाळायचे, लग्नाचे वचन पाळायचे, डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यायचे. इन्सुलिन बंद करा असा ‘संदेश’ कुणी दिला, तर पारखीसाठी माझी वाट पाहू नका. पैशांबद्दलही तेच. प्राचीन ख्रिस्तसभेच्या ‘डिडाखे’ या छोट्या पुस्तकात नियमच आहे की, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये. आणि ‘फादरांना सांगू नकोस’ अशी पुस्ती जोडलेली असेल, तर मला अवश्य सांगा.

बाकी संदेशांचे काय? ते ऐका, प्रार्थनेत ठेवा, जाणत्या माणसाशी बोला, घाई करू नका. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने कथित अलौकिक घटनांबाबत नवे नियम काढले. एखाद्या दर्शनाला अनुकूल निर्णय मिळाला तरी त्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती कुणावर नाही, असे त्यांत म्हटले आहे. मग शनिवारच्या सभेतल्या ब्रदरच्या वाक्याची सक्ती कुठून येणार?

आणि आपलेच माणूस न ऐकता निघाले तर? कैसरियातल्या मंडळींनी पौल ऐकत नाही हे पाहिले, प्रभूच्या इच्छेवर सोपवले आणि ते गप्प झाले. मग सामान बांधले. त्यांच्यातले काही जण त्याच्याबरोबर यरुशलेमच्या वाटेला लागले, आणि म्नासोन नावाच्या जुन्या शिष्याच्या घरी त्यांनी त्याची उतरायची सोय केली.