तहाचा जामीन कोण?

इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यातील तहाची बोलणी जेव्हा जेव्हा ऐन रंगात आली, तेव्हा तेव्हा जेरुसलेम, निर्वासित आणि सरहद्द या प्रश्नांचा गवगवा फार झाला; लष्करी सुरक्षिततेचा प्रश्न मात्र केवळ तांत्रिक स्वरूपाचा समजून सेनाधिकाऱ्यांच्या आणि नकाशांच्या स्वाधीन करण्यात आला. माझ्या मते या तंट्याचे मर्म नेमके तेथेच आहे. कारण कोणत्याही तहात मुलूख किती सोडला यापेक्षा, तो सोडल्यानंतर आपल्या जिवाची हमी कोण घेणार, आणि दिलेली हमी उद्या एकतर्फी काढून घेता येईल की नाही, हाच सवाल सामान्य माणसाच्या दृष्टीने अखेरचा असतो.

इस्रायलची भीती बनावट आहे असे म्हणणे हा अन्याय होईल. १९६७ पूर्वीच्या हद्दीवरील तुलकरेमपासून नेतान्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंतचे अंतर अवघे १५ किलोमीटर आहे. आणि जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याच्या (वेस्ट बँकच्या) डोंगररांगेवरून ती सारी किनारपट्टी, तिच्यावरील दाट वस्ती आणि देशाचा मुख्य विमानतळ दृष्टीच्या टप्प्यात येतो. त्याच नेतान्यात २७ मार्च २००२ रोजी, वल्हांडण सणाच्या भोजनासाठी पार्क हॉटेलात जमलेल्या कुटुंबांमध्ये शिरून एका आत्मघातकी हल्लेखोराने ३० जणांचे प्राण घेतले. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना नकाशावरील रेघ चार बोटे अलीकडे घ्या असे सांगणे सोपे नाही. १९६७ चे युद्ध संपताच, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, इस्रायलचे मंत्री यिगाल आलोन यांनी जॉर्डन नदीचे खोरे आपल्याच ताब्यात ठेवण्याची योजना मांडली. आणि तेव्हापासून ते खोरे प्रत्येक वाटाघाटीत अडसर होऊन बसले आहे.

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी मांडलेल्या मसुद्यात या अडसरावर तोडगा होता. पॅलेस्टाईनचे राज्य लष्करविरहित असावे, सरहद्दीवर आंतरराष्ट्रीय फौज असावी, इस्रायली सैन्याने ३६ महिन्यांत टप्प्याटप्प्याने माघार घ्यावी, आणि खोऱ्यातील काही ठाण्यांवर त्याने आणखी ३६ महिने त्या फौजेच्या अधिकाराखाली राहावे, असा तो बेत होता. बेत विचारपूर्वक आखलेला होता. परंतु त्याचा सारा भार ज्या आंतरराष्ट्रीय फौजेवर ठेवला होता, त्या जातीच्या फौजेचा या भूमीतील पूर्वेतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याने साशंक व्हावे हे स्वाभाविकच होते.

१९५६ च्या सुएझ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाची फौज गाझा आणि सिनाईच्या हद्दीवर तैनात झाली. तिच्यात भारतीय पथक होते, आणि १९६७ साली तिचे सेनापतीही मेजर जनरल इंदरजीत रिखी हे भारतीयच होते. १६ मे १९६७ च्या रात्री एका इजिप्शियन ब्रिगेडियरने त्यांच्या हाती सरसेनाधिकारी फौझी यांचे पत्र ठेवले : हद्दीवरील पथके मागे घ्या. दोनच दिवसांत राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांनी फौज मागे घेण्याचे मान्य केले. फौज इजिप्तच्या संमतीने, केवळ इजिप्तच्या बाजूला उभी होती. इस्रायलने ती आपल्या भूमीवर येऊ दिलेली नव्हती. म्हणजे जी भिंत दहा वर्षे शांततेचा आधार म्हणून दाखवली जात होती, ती एका राज्याच्या एका पत्राने कोसळली. ५ जूनला युद्ध पेटले तेव्हा मागे फिरू पाहणाऱ्या भारतीय जवानांपैकी कित्येकांना गाझातच प्राण गमवावे लागले.

आता पश्चिम किनाऱ्यावरील हेब्रॉन शहराकडे पाहावे. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या पहाटेच्या नमाजात, बारूख गोल्डस्टाईन या वसाहतवाल्याने इब्राहिमी मशिदीत २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तेथे विदेशी निरीक्षकांचे एक निःशस्त्र पथक नेमण्यात आले. नॉर्वेसह सहा देशांची माणसे हेब्रॉनच्या गल्ल्यांतून हिंडून जे दिसेल त्याचा अहवाल लिहीत. पथकाची मुदत दर सहा महिन्यांनी वाढवावी लागे. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू यांनी ती वाढवण्यास नकार दिला आणि पथक गेले. १९६७ ला हमी मोडली कैरोच्या पत्राने, २०१९ ला जेरुसलेमच्या नकाराने. दोन्ही वेळा जामीन उठून गेला तो एकाच पक्षाच्या मर्जीने, आणि दोन्ही वेळा ज्याला धास्ती होती त्याला कोणी विचारले नाही.

वाटाघाटीत पॅलेस्टिनी माणसाच्या सुरक्षिततेचे नावसुद्धा क्वचितच निघते, याची मला खंत वाटते. १९९५ च्या इस्रायल-पॅलेस्टिनी करारानुसार रामल्लासारखी शहरे पॅलेस्टिनी पोलिसांच्या अंमलाखाली आली. पण रात्री इस्रायली लष्कराच्या जीपगाड्या शहरात शिरल्या की तोच गणवेशधारी शिपाई आपल्या ठाण्यात जाऊन बसतो, आणि शेजारच्या घराचे दार तोडले जात असताना बाहेर येत नाही. ज्या राज्याने लष्कर ठेवायचे नाही, त्याच्या नागरिकाला वसाहतवाल्याच्या बंदुकीपासून कोण वाचवणार, हा प्रश्न इस्रायलच्या १५ किलोमीटरांइतकाच वास्तविक आहे. शिवाय त्याच करारात पश्चिम किनाऱ्याचे अ, ब आणि क असे विभाग पाडले, आणि तो मे १९९९ पर्यंतचा तात्पुरता बंदोबस्त होता. आजही सुमारे ६० टक्के भूमी क विभागात, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या अंमलाखालीच, आहे. तात्पुरते असे ज्याला म्हटले तेच कायमचे झालेले ज्याने पाहिले, तो आणखी ३६ महिन्यांच्या वायद्यावर विश्वास कसा ठेवील?

केवळ कुंपण पुरते हा भ्रम ७ ऑक्टोबर २०२३ ने नाहीसा केला. जगातील अत्यंत प्रगत यंत्रांनी राखलेली गाझाची हद्द हमासने एका सकाळी फोडली, सुमारे १२०० माणसे मारली आणि सुमारे अडीचशे जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझातील हजारो, अक्षरशः हजारो स्त्रिया आणि मुले गेली, आणि तरीही त्या युद्धाने कोणालाच निर्धास्त केले नाही.

सिनाईत मात्र इजिप्त आणि इस्रायल यांच्यातील तह टिकला. वाळवंट विरळ वस्तीचे होते आणि दोन्ही बाजूंना पूर्ण राज्ये होती, हे मान्यच आहे. पश्चिम किनाऱ्याला ती सोय नाही. तथापि १९७९ च्या तहाच्या चौथ्या कलमात १९६७ चा धडा लिहिलेला आहे : दोन्ही पक्षांत अन्यथा ठरले नाही, तर सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सभासदांच्या संमतीवाचून निरीक्षकांना हलवता येणार नाही. पुढे सोव्हिएत नकाराधिकाराच्या धास्तीने राष्ट्रसंघाची फौज आलीच नाही, तेव्हा राष्ट्रसंघाबाहेर स्वतंत्र बहुराष्ट्रीय फौज उभारण्यात आली आणि १९८२ पासून ती तेथे आहे. जामीन काढून घेणे अवघड करून ठेवणारे असे कलम जॉर्डनच्या खोऱ्यासाठी आणि हेब्रॉनच्या गल्ल्यांसाठी एकाच मसुद्यात, एकाच शब्दांत लिहिले गेले पाहिजे. आणि त्याच्या भंगाची तक्रार नोंदवण्याचा अधिकार नेतान्याच्या रहिवाशाला जितका, तितकाच हेब्रॉनच्या दुकानदारालाही असला पाहिजे.