पडद्यावरची गर्दी

पावसाळ्यातल्या रविवारी जेवणं उरकली की आमच्याकडे कुणीतरी जगबुडीचा सिनेमा लावतं. भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामी, धूमकेतू, त्या दिवशी जे हाताला लागेल ते. भाजलेल्या शेंगा मध्ये ठेवलेल्या असतात. पडद्यावर शहरंच्या शहरं जमिनीत जात असतात आणि आम्ही एकमेकांना सांगत असतो, “आता तो पूल जाणार बघ!” पूल जातो, त्यावरच्या गाड्या खेळण्यासारख्या खाली घरंगळतात आणि घरात आनंदाचा चीत्कार उठतो. त्या गाड्यांत माणसं होती हे लक्षात येईपर्यंत पुढची इमारत कलायला लागलेली असते.

या मजेला एक टोचणी आहे, आणि ती मला खरी वाटते. ती झटकून टाकावीशी वाटत नाही, समजून घ्यावीशी वाटते.

भयंकर गोष्ट बघताना मजा का वाटते, या प्रश्नाचं आपल्याकडे एक फार जुनं उत्तर आहे. नाट्यशास्त्रात भरतानं ‘भयानक’ हा रस मानला, आणि पुढच्या आचार्यांनी सांगितलं की रंगमंचावरचं भय माझंही नसतं आणि त्या अमक्या माणसाचंही नसतं. ते कुणा एकाचं उरत नाही, म्हणूनच ते चाखता येतं. हे मला पूर्ण पटतं. अंधाऱ्या वाड्यात मेणबत्ती घेऊन निघालेल्या बाईबरोबर आपण घाबरतो त्याला हे चपखल लागू पडतं. पण अख्खं लॉस एंजेलिस समुद्रात घसरताना पाहून होणारा आनंद भयाचा नसतो. तिथं भीती वाटतच नाही. तिथं आपण आ वासून, खूश होऊन बघत असतो.

रोलांड एमेरिकचा ‘२०१२’ घ्या. २००९चा हा सिनेमा. एक अयशस्वी लेखक पोटासाठी लिमोझिन चालवतो आणि तिच्यात आपल्या पूर्वीच्या बायकोला आणि पोरांना कोंबून कोसळत्या लॉस एंजेलिसमधून विमानतळ गाठतो. मागं रस्ता लाटेसारखा उचलला जातोय, पुढं उड्डाणपूल तुटून पडतोय, आणि गाडी एका पडत्या इमारतीच्या आरपार निघते. पुढं त्सुनामीची लाट एक अजस्र विमानवाहू नौका उचलून थेट व्हाइट हाउसवर आणून आदळते. ही दृश्यं पाहताना मला जे वाटतं त्याला मजा याशिवाय दुसरा शब्द नाही. ती रचणाऱ्यांचं कसबही अफाट आहे. प्रत्येक विटेला, प्रत्येक खिडकीला पडण्याची स्वतःची वेळ दिलेली आहे.

पण याच सिनेमात सतनाम नावाचा एक भारतीय शास्त्रज्ञ आहे. पृथ्वीचं पोट तापतंय हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतं. एका भारतीय खाणीत खोल खाली, घामानं निथळत, तो ते आपल्या अमेरिकन मित्राला दाखवतो. त्याच्या शोधामुळेच हिमालयात प्रचंड नौका बांधल्या जातात आणि त्यांत अब्जाधीश एकेका जागेला एक अब्ज युरो मोजून चढतात. सतनामला न्यायला येणारं विमान मात्र येत नाही. तो शेवटचा फोन करतो, बायकोला आणि मुलाला जवळ घेतो, आणि लाट येते. सिनेमा तिथं अर्धा मिनिट थांबून पुढच्या थराराकडे वळतो. एका श्रीमंत बाईचा छोटा कुत्रा मात्र सुखरूप नौकेत पोचतो, आणि तो पोचावा म्हणून आपण श्वास रोखलेला असतो. माझी टोचणी इथं सुरू होते.

या जातीच्या सिनेमांतला माझा सर्वांत आवडता सिनेमा मात्र बराच जुना आहे: १९७२चा ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’. निर्माता आयर्विन अ‍ॅलन, ज्यानं दोनच वर्षांनी ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ काढला. नववर्षाच्या आदल्या रात्री एका प्रवासी जहाजावर मेजवानी चाललेली असते. समुद्रतळाशी झालेल्या भूकंपानं लाट उठते आणि जहाज साफ उलटं होतं. छत खाली, जमीन वर. टेबलं डोक्यावर लटकलेली. आता बाहेर पडायचं तर खाली पडलेल्या छतावरून वर, म्हणजे जहाजाच्या तळाकडे चढत जायचं.

त्या दालनात नाताळचं एक भलंमोठं झाड असतं. जीन हॅकमननं केलेला पाद्री म्हणतो, हे झाड उभं करू, त्याची शिडी करू आणि वर जाऊ. जहाजाचा पर्सर, म्हणजे प्रवाशांची व्यवस्था बघणारा अधिकारी, म्हणतो की कुणी हलू नका, मदत येईल, इथंच थांबणं शहाणपणाचं. बोलतो तो शांतपणे, जबाबदारीनं, आणि त्याच्या अंगावर गणवेश आहे. बहुतेक सगळे त्याचं ऐकतात. मूठभर माणसं तेवढी झाडावरून वर चढतात. ती वर पोचतात न पोचतात तोच स्फोट होतो, पाणी आत घुसतं, आणि खाली थांबलेली सगळी गर्दी एकदम त्या झाडाकडे धावते. इतक्यांचा भार झाडाला पेलत नाही. ते कोसळतं.

हा प्रसंग पाहताना प्रत्येक प्रेक्षक मनातल्या मनात झाडावर चढलेला असतो. पर्सरपाशी थांबलेल्यांत आपण असू, असं कुणालाच वाटत नाही. मला वाटतं, या सिनेमांची गोडी मुळात इथं आहे. इमारती पडतात ते वरचं खाद्य. आतून आपल्याला हे सुख मिळतं की वेळ आली तेव्हा आपल्याला कळलं, आपण ऐकलं, आपण उठलो. आधी एक जाणता माणूस ओरडून सांगतो, बाकीचे त्याला वेड्यात काढतात, आणि आपण मात्र पहिल्यापासून त्याच्या बाजूला असतो. रोजच्या जगण्यात इतकं स्वच्छ बरोबर असण्याची संधी मिळतेच कुठं?

त्यातही ‘पोसायडन’मध्ये एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मी तो पुन्हा पुन्हा पाहते. त्या मूठभरांत एक जाड, वयस्कर बाई आहे, बेल रोझेन. शेली विंटर्सनं ती केली आहे. चढताना तिला धाप लागते, आपलं ओझं होतंय म्हणून ती सतत संकोचते. आणि मग वाटेत पूर्ण बुडालेला एक मार्ग येतो. तेव्हा ती सांगते की तरुणपणी पाण्याखाली पोहण्यात ती अजिंक्य होती. पुढं गेलेला पाद्री पाण्यात अडकतो, आणि हीच बाई पाण्यात उडी घेऊन त्याला सोडवते. पलीकडे पोचल्यावर तिचं हृदय थांबतं. तिच्या मरणानं मला जितकं रडवलं आहे तितकं चांगल्या चांगल्या शोकांतिकांनी रडवलेलं नाही. कारण तोवर ती माझ्या ओळखीची झालेली असते. जहाजावरच्या शेकडोंपैकी सहा जण वाचतात. सहांच्या सुटकेचा आपण आनंद मानतो आणि उरलेल्यांना विसरतो, कारण उरलेल्यांना सिनेमानं चेहरेच दिलेले नसतात.

विनाश बघून मजा वाटते याची मला लाज वाटत नाही. पत्त्यांचा बंगला पाडायला पोरांना आवडतं, तितकी ती साधी गोष्ट आहे. लाज वाटायला हवी ती गर्दीबद्दल हे सिनेमे जे मनात भरवतात त्याची. पडद्यावरची गर्दी नेहमी मूर्ख असते. ती किंचाळते, चेंगरते, दुसऱ्याला तुडवून पुढं जाते. शहाणपण, धीर, माया हे सगळं नायकाच्या कुटुंबाकडे, आणि बाकी जग म्हणजे धावणारे पाय.

प्रत्यक्षात असं होत नाही. एन्रिको क्वारँटेली या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये ओहायोत एक संशोधन केंद्र काढलं आणि दशकानुदशकं आपत्तींचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते हे, की संकटात सैरभैर होऊन एकमेकांना तुडवणं विरळा. माणसं बहुधा आधी शेजाऱ्याकडे धावतात. बचावपथक पोचण्याआधीच बरीच सुटका शेजारच्यांनी केलेली असते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला अमेरिकेतला अभ्यास लागू नये. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, बस पाण्यात, रस्त्यावर छातीएवढं पाणी, आणि लाखो माणसं घरी पोचण्यासाठी रेल्वे रुळांवरून चालत निघालेली. त्या रात्री चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा केला, बिस्किटं वाटली. गुडघ्याच्या वर पाणी चढलं की हातात हात घालून साखळी केली. मॅनहोलपाशी काठी घेऊन उभे राहणारे होते. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना, भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. लातूर-उस्मानाबादेत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथं कुणी आधी ओरडून सांगणारा नव्हता आणि चढायला झाडही नव्हतं. जे वाचले त्यांनी उजाडण्याआधीच हातांनी दगड उपसायला सुरुवात केली. किल्लारीवर कुणी लॉस एंजेलिससारखा थरारपट काढला तर तो मला बघवणार नाही, आणि लॉस एंजेलिसच्या माणसाला त्याचं शहर पडताना बघवत असेल का, हा प्रश्नही मग टाळता येत नाही.

हिंदी सिनेमानं हा प्रकार उचलला तेव्हा गर्दीला चेहरे देण्याची गरज त्याला आपोआप वाटली. १९८०चा ‘द बर्निंग ट्रेन’ अनेक बाबतींत भाबडा आहे. पण त्या पेटलेल्या गाडीच्या डब्यांत नाना धर्मांची, नाना वयांची माणसं आहेत, शाळेची मुलं आहेत, त्यांची बाई आहे, आणि आग लागण्याआधी रवी चोप्रानं त्या सगळ्यांबरोबर आपल्याला भरपूर प्रवास घडवलेला आहे. मधली कव्वाली कापली तर गाडी लवकर पेटेल, हे खरं. पण मग ती कुणाची गाडी असेल?

आणि २०२३मध्ये ज्यूड अँथनी जोसेफनं मल्याळममध्ये ‘२०१८’ केला, केरळच्या त्या वर्षीच्या महापुरावर. खऱ्या पुरात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि आतल्या बुडालेल्या गावांत नेल्या. एका मच्छीमारानं पाण्यात ओणवं होऊन आपल्या पाठीची पायरी केली, तिच्यावर पाय देऊन बायका होडीत चढल्या. सिनेमात थरार भरपूर आहे: अंधार, गळ्यापर्यंत पाणी, छपरावर अडकलेलं कुटुंब, हेलिकॉप्टरचा दोर. पण वाचवणारा एक नायक नाही, आणि बाकीचे तुडवातुडवी करत नाहीत. भारतानं तो ऑस्करला पाठवला, केरळात त्यानं कमाईचे विक्रम मोडले. तो बघताना मी खुर्चीच्या काठावर होते, नखं खात होते, आणि मध्येच टाळ्याही वाजवल्या. मजा आली. फक्त या वेळी प्रत्येक होडीत कोण बसलंय ते मला ठाऊक होतं.