पाहण्याच्या परवानगीचा मालक कोण?

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये काही अडले की ग्राहक-कंपनी मदत मागते आणि विक्रेत्याचा अभियंता तिच्या खात्यात शिरतो. त्याला काही बदलता येणार नाही, फक्त पाहता येईल, आणि तेही काम संपेपर्यंतच, असे सांगितले की सगळे निश्चिंत होतात. ही निश्चिंती मला घातक वाटते. अशा परवानगीमुळे नोंदींत कोणी खाडाखोड करू शकत नाही, एवढे खरे. पण त्या नोंदी ज्या माणसांच्या आहेत, त्यांचे रक्षण तिने होत नाही. गुपित एकदा पाहिले गेले की ते गेलेच.

ओक्टा ही हजारो कंपन्यांचे लॉगिन सांभाळणारी अमेरिकी कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये तिचे ग्राहक-साहाय्याचे काम करणाऱ्या सिटेल या कंत्राटदार कंपनीतल्या एका अभियंत्याच्या संगणकावर लॅप्सस या हॅकरांच्या टोळीने ताबा मिळवला. मार्चमध्ये टोळीने स्क्रीनची छायाचित्रे उघड केली, तोवर ग्राहकांना काहीच कळले नव्हते. जास्तीत जास्त ३६६ ग्राहकांना झळ पोहोचली असावी, असे ओक्टाने आधी सांगितले. तपासाअंती ताबा २५ मिनिटांचाच निघाला आणि दोन ग्राहकांची माहिती पाहिली गेल्याचे दिसले. टोळीला एकही बदल करता आला नव्हता. तरीही विश्वासाला तडा गेलाच.

पुढच्या वर्षीचा प्रकार अधिक बोलका आहे. बिघाड शोधायला मदत व्हावी म्हणून ग्राहकांनी स्वतःच ब्राउझरच्या नोंदींच्या फायली ओक्टाच्या साहाय्य-यंत्रणेत चढवल्या होत्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये १३४ ग्राहकांच्या फायली चोरांच्या हाती लागल्या. काही फायलींत चालू लॉगिनची टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत जाऊ देणाऱ्या खुणा, होती आणि त्यांच्या आधारे पाच ग्राहकांच्या खात्यांत शिरता आले. म्हणजे नुसत्या वाचनातून प्रत्यक्ष कृतीची ताकद मिळाली.

बाहेरचा चोर लागतोच असेही नाही. परदेशातल्या काही साहाय्य-कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती मिळवण्यात आल्याचे कॉइनबेस या क्रिप्टो चलनांच्या बाजाराने मे २०२५ मध्ये जाहीर केले. पासवर्ड गेले नाहीत. नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि खात्यातल्या शिलकेचे तपशील गेले. समोरच्याला फोनवर फसवायला तेवढे पुरते. अशा कर्मचाऱ्याला कामासाठी माहिती पाहावी लागते हे मान्यच आहे. पण एका तक्रारीपुरती एका ग्राहकाची माहिती दिसणे आणि हवे ते नाव टाकून कोणाचीही माहिती उघडता येणे, यांत फार अंतर आहे.

म्हणून परवानगी तक्रारीच्या क्रमांकाला बांधलेली हवी आणि अनावश्यक रकाने झाकलेले हवेत. मुदत संपली की नवा प्रवेश थांबवून भागत नाही. उघडे असलेले सत्रही त्याच क्षणी तुटले पाहिजे. बदलांची नोंद बहुतेक यंत्रणा ठेवतात. कोणी काय वाचले याची नोंदही तितक्याच कसोशीने ठेवली पाहिजे. मुदतीची निवड हाही साधा प्रश्न नाही. सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साहाय्य-पथकाला आपल्या खात्यातून लॉगिन करू देताना एक दिवसापासून एक वर्षापर्यंतची मुदत निवडता येते. वर्षभराच्या परवानगीला तात्पुरती म्हणणे मला पटत नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न होकाराचा आहे. बँकेचा लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. मायक्रोसॉफ्टची ‘कस्टमर लॉकबॉक्स’ ही सोय याच तत्त्वावर चालते: अभियंत्याची विनंती आधी त्याचा वरिष्ठ मंजूर करतो, मग ग्राहक. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ग्राहकाने १२ तासांत होकार दिला नाही तर विनंती बाद होते. रचना उत्तम आहे; पण ती ई-फाइव्हसारख्या वरच्या परवान्यातच किंवा जादा पैसे मोजून मिळते. आपली माहिती दाखवायला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क जादा पैशांत विकला जावा, हे मला मान्य नाही. लहान सहकारी पतसंस्थेच्या खातेदाराची अब्रू मोठ्या बँकेच्या खातेदारापेक्षा स्वस्त नसते.

यावर आक्षेप येतो: रात्री तीन वाजता यंत्रणा कोसळली, तर ग्राहकाला उठवून होकार घेत बसायचे का? आक्षेप रास्त आहे. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांच्या अडचणी रात्रपाळीत सोडवणाऱ्यांवर हा ताण रोजचा असतो. त्यासाठी आणीबाणीचा प्रवेश ठेवावा. मात्र तो वापरताच ग्राहकाला सूचना जावी आणि दुसऱ्या दिवशी त्याची कारणे तपासली जावीत. अशी चोख नोंद त्या अभियंत्याच्याही हिताची आहे. माहिती फुटली की पहिला संशय त्याच्यावर येतो आणि नोंद नसेल तर निर्दोषपणा सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नसते.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण ठेवणे आणि त्याच्या नोंदी वर्षभर जपणे आले आहे. पण विक्रेत्याच्या कपाटात पडून राहिलेली नोंद कामाची नाही. सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक बँकेने, रुग्णालयाने आणि महापालिकेने करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मागाव्यात: पाहण्याआधी आमचा होकार, मुदत संपताच आपोआप बंद होणारा प्रवेश आणि कोणी काय पाहिले याची आम्हाला दिसणारी नोंद. ही माहिती लोकांनी या संस्थांवर विश्वासून दिलेली आहे. ती कोणी पाहावी हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्यावर सोपवून संस्थांना मोकळे होता येणार नाही.