मागे पडलेल्याचे काय?

पंधरावीस तरुण सायकलींवर बसून शेकडो किलोमीटरांच्या सफरीस निघतात, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. पुण्याहून, नाशिकहून पंढरीसही असे जथे जातात. अशा जथ्यातल्या एकाने मध्यंतरी कीर्तन आटोपल्यावर आम्हांस विचारले, "बुवा, वाटेत एकाचे पाय थकले, तर बाकीच्यांनी थांबावे का पुढे जावे?" प्रश्न सायकलीचा दिसतो खरा, पण आहे धर्माचा, म्हणून त्याचा येथे विचार करू.

आधी त्या कष्टांचे स्वरूप पाहू. सपाट रस्त्यावर वेग ताशी २५ किलोमीटरांच्या पुढे गेला, की स्वाराचे बहुतेक बळ वारा कापण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा रोध चौपट होतो. म्हणून जाणते स्वार एकामागे एक, थोडके अंतर राखून चालतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे सुमारे पाव हिस्सा श्रम वाचतात. पुढचा दमला, की बाजूस होऊन शेवटी येतो आणि दुसरा वाऱ्याला छाती देतो. दुसरी गोष्ट अन्नाची. स्नायूंत व यकृतात साठलेली साखर दोनएक तासांच्या जोरकस श्रमात बरीचशी सरते. मग पाय एकाएकी गळतात, डोके हलके होते, मनही चिडचिडे होते. यासाठी भूक लागण्यापूर्वीच केळे, गूळदाणे असे काही पोटात घालावे लागते. शिवाय तळहात बधिर होतात, बैठक सोलून निघते, गुडघे बोलू लागतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच दुखऱ्या अंगाने पुन्हा त्याच सीटवर बसायचे असते!

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, "ज्याचे पाय त्याला. ज्याला झेपत नाही त्याने निघूच नये. एकापायी वीस जणांनी उन्हात का तिष्ठावे? महाप्रस्थानात द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीमही पडले. धर्मराजाने मागे वळून तरी पाहिले का?"

दृष्टांत मोठा आहे, पण तो अर्धाच सांगितला. ती वाट देह ठेवण्याचीच होती, परत येण्याची नव्हती. आणि इंद्र रथ घेऊन आला तेव्हा युधिष्ठिराने काय मागितले? आधी भाऊ आणि द्रौपदी मागितली. मग सोबत आलेल्या कुत्र्यावाचून रथात पाऊल ठेवणार नाही म्हणाला. पुढे नरकात आप्तांचा आक्रोश ऐकला, तर तेथेच राहतो म्हणाला. असा पुरुष मागच्यांना विसरला होता, असे कोण म्हणेल?

"ज्याचे पाय त्याला" हे म्हणणे तर वाऱ्यापुढेच टिकत नाही. संध्याकाळी ज्याचे पाय ताजे आहेत, त्याने दुपारभर कोणाच्या पाठीचा आडोसा घेतला होता? कदाचित आता मागे पडलेल्याच्याच! तेव्हा थांबणे हे दान नव्हे, ती ऋणाची फेड आहे. बरे, एखादा मुळातच अशक्त, तो कधी पुढे झालाच नाही. त्याचे काय ऋण? तर त्याला "चल" म्हणून बरोबर घेतले ना? तो शब्दच ऋण झाला. बळ ठाऊक असून सोबत घेतले, तर निम्म्या वाटेवर त्याच्या बळाचा हिशेब काढता येत नाही.

चढावर मात्र आडोशाचा फारसा उपयोग नाही. वेग मंदावतो, वारा सुटतो, ज्याचे वजन त्याने वर न्यायचे. तेथे सशक्ताला देता येण्यासारखी एकच वस्तू उरते, ती म्हणजे वेळ. पण ती तरी नीट द्यावी! वर पोचलेले झाडाखाली विसावतात, मागचा धापा टाकीत येतो, आणि तो येताच हे उठून निघतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. याला थांबणे म्हणू नये, बरे का!

अशक्ताचाही धर्म आहे. दमलो हे वेळेवर सांगावे. अभिमानाने थकवा झाकून जो पुढच्याच्या चाकाला लागून चालतो, त्याचे चाक चाकाला घासले तर मागचे चौघेही आपटतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात मानासाठी केलेले तप राजस आणि हट्टाने देह पिडून केलेले तामस म्हटले आहे. पुढे पळणाऱ्याने पहिले वाक्य ध्यानात ठेवावे, मागे झाकणाऱ्याने दुसरे.

मग सोबत कधी सोडूच नये काय? तसेही नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. नरिमन कापडिया तेहरानहून घरी परतले, गुस्ताद हाथीराम अमेरिकेतच राहिले, केकी पोचखानावाला तेथून माघारी आले. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस पोचले. पुढे गेलेल्या तिघांकडे आम्हांस अधर्म दिसत नाही, आणि परतलेल्यांकडे न्यूनही दिसत नाही. सांगून, घरची वाट हाती घेऊन वेगळे होणे निराळे. आडरानात कोणाला टाकून जाणे निराळे.

तेव्हा त्या तरुणास आमचे सांगणे एवढेच. निघतानाच वेग सर्वांत मंद स्वारास विचारून ठरवावा. सर्वांत खंबीर गडी शेवटी ठेवावा, म्हणजे त्याच्या मागे कोणी राहणार नाही. आणि मुक्कामी पोचल्यावर आधी डोकी मोजावीत, मग पाणी प्यावे. एक डोके कमी भरले, तर ज्याचे पाय अजून चालतात त्याने सायकल माघारी वळवावी. असो.