तापलेला पडदा आणि प्रामाण्याचा प्रश्न

लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट हा छोट्या विमानांचा वर्ग अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००४ मध्ये निर्माण केला. त्या वेळच्या व्याख्येनुसार अशा विमानात जास्तीत जास्त दोन आसने असत, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे वजन ६०० किलोपर्यंत चाले आणि सरळ उड्डाणातील वेगाची मर्यादा १२० नॉट होती. २०२५ मध्ये ही बंधने बरीच सैल झाली. या विमानांच्या कॉकपिटमध्ये पूर्वीच्या गोल तबकड्यांची जागा बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन रंगीत पडद्यांनी घेतली आहे. वेग, उंची, विमानाचा कल, दिशा, इंजिनाच्या तेलाचा दाब, इंधन आणि नकाशा हे सारे एकाच काचेवर दिसते. त्यामुळे तो पडदा उष्णतेने बंद पडला, तर एक माप जात नाही, सगळीच जातात.

उष्णता तीन वाटांनी येते. पारदर्शक कॅनोपीतून ऊन आत शिरते, आतले पृष्ठभाग तापतात आणि हवा कोंडते. पडद्यामागच्या अरुंद जागेत प्रोसेसर व वीजपुरवठ्याचे भाग स्वतःची उष्णता सोडत असतात, आणि पलीकडे इंजिनाची भिंत असते. तिसरी वाट खुद्द पडद्याच्या उपयोगातून निघते. भर उन्हात चित्र दिसावे म्हणून बॅकलाइट प्रखर ठेवावा लागतो आणि तो जितका प्रखर, तितकी उष्णता अधिक. सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्केच उरते, म्हणून हवेच्या झोताने होणारे थंडावणेही कमी पडते. पण तिथली हवा मुळात गार असल्याने खरी कसोटी उन्हाळ्यात जमिनीवर रखडताना आणि चढाईच्या पहिल्या मिनिटांत लागते. पडद्यातील द्रवस्फटिकालाही स्वतःची सीमा आहे. फ्रीड्रिख राइनिट्झर यांनी १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट तापवले, तेव्हा ते १४५.५ अंशांवर वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांवर एकदम नितळ. दुसऱ्या बिंदूपलीकडे रेणूंची ती विशिष्ट रचना मोडते. डिस्प्लेतील मिश्रणांनाही असा बिंदू असतो आणि तो ओलांडला की चित्र नाहीसे होते. अनेक वैमानिक नकाशासाठी आयपॅड वापरतात. त्याच्या वापरासाठी उत्पादकाने दिलेली भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा अवघी ३५ अंश सेल्सिअस आहे. आतून खूप तापला की तो इशारा देऊन काम थांबवतो.

बिघाडाची रूपे मात्र सारखी नसतात. पडदा काळा होतो, अंधूक होतो, गोठतो, किंवा एखादा सेन्सर हळूहळू चुकीचा आकडा देऊ लागतो. यांत काळा पडदा सर्वांत कमी धोक्याचा, कारण तो आपले अज्ञान लपवत नाही. गोठलेला पडदा ज्ञानाचा आभास निर्माण करतो. पडद्यावर ‘उंची ३००० फूट’ असे वाचून वैमानिकाला जे होते ते ज्ञान कशामुळे, आणि ते खरे आहे हे कशावरून, हा प्रश्न इथे उभा राहतो. भारतीय दर्शनांत या चर्चेला प्रामाण्यवाद म्हणतात आणि ती सुमारे दीड हजार वर्षे चालत आली आहे.

आधी हे पाहिले पाहिजे की पडदा वाचणे म्हणजे विमानाची स्थिती प्रत्यक्ष पाहणे नव्हे. प्रत्यक्ष आहे ते काचेवरच्या आकड्याचे. उंचीचे ज्ञान हे अनुमान आहे: हवेचा दाब हे लिंग, म्हणजे खूण; उंची हे साध्य, म्हणजे त्या खुणेवरून जे सिद्ध करायचे ते. वेगही नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून काढलेला असतो आणि विमानाचा कल सूक्ष्म सेन्सरांच्या मोजमापांवरून. पडद्यावर रंगवलेले डोंगर तर अनुमानही नाहीत. कोणीतरी आधी साठवून ठेवलेल्या माहितीवरचा तो विश्वास आहे, म्हणजे शब्दप्रमाण. तीन वेगळ्या जातींचे ज्ञान एकाच चकचकीत पृष्ठभागावर एकाच ठसठशीतपणे मांडले जाते आणि वैमानिकाला ते सारे पाहिल्यासारखे वाटते. या पडद्यांची सर्वांत मोठी सोय हीच आहे आणि ज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीमही हीच.

सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी मांडलेले मीमांसकांचे मत असे: ज्ञान उपजतच प्रमाण असते. त्याला खरे ठरवण्यासाठी दुसरे ज्ञान लागत नाही. खोटे ठरवण्यासाठी मात्र बाहेरचे कारण लागते. ती कारणे दोन. एक, नंतर आलेले आणि पहिल्याला छेद देणारे ज्ञान, म्हणजे बाधकज्ञान. दुसरे, ज्या साधनातून ज्ञान आले त्यातील दोष कळणे, म्हणजे कारणदोष. विमान चालवणाऱ्याच्या मनाचे याहून अचूक वर्णन सापडणे कठीण. प्रत्येक आकड्यावर शंका घेत कोणालाही उडता येणार नाही. कुमारिलांना हा सिद्धांत वेदांच्या रक्षणासाठी हवा होता: वेद अपौरुषेय, त्यांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचा दोषही नाही. यंत्राला हा आधार मिळत नाही. यंत्र पौरुषेय आहे, भागांचे बनलेले आहे, आणि त्याचा कारणदोष उष्णतेच्या रूपाने आधीच ठाऊक आहे.

नैयायिकांचे मत उलट आहे. वात्स्यायनांपासूनची परंपरा म्हणते की ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीने ठरते. पाणी दिसले, जवळ गेले, तहान भागली; ज्ञान खरे होते. उड्डाणात ही कसोटी फार उशिरा येते. उंचीचा आकडा चुकीचा होता हे जमिनीने सांगायचे असेल, तर ते कळून उपयोग नाही. या अडचणीला नैयायिकांकडे उत्तर आहे: सरावाच्या परिस्थितीत प्रत्येक वेळी फळाची वाट पाहावी लागत नाही. ज्या जातीचे ज्ञान पूर्वी वारंवार सफल ठरले, त्याच जातीचे हेही आहे, एवढ्यावरून त्याचे प्रामाण्य आधीच अनुमानता येते.

तापलेल्या पडद्याचे उदाहरण नेमके इथे महत्त्वाचे ठरते. वीस अंशांवर शंभर वेळा बरोबर ठरलेले यंत्र सत्तर अंशांवर गेले की ते ‘त्याच जातीचे’ राहत नाही. नाव तेच, काच तीच, अक्षरे तीच. पण ज्या अटीवर विश्वास उभा होता ती अट सुटलेली असते. न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, हे ओल्या इंधनाच्या उपाधीवाचून खरे नाही. ‘पडदा दाखवतो तसे आहे’ या व्याप्तीतही, म्हणजे नेहमीच्या साहचर्याच्या नियमातही, तापमानाची उपाधी दडलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या सुरळीत उड्डाणांनी ती दिसेनाशी होते. अनुभव जितका चांगला, तितकी उपाधी अधिक झाकली जाते.

यावर अभियंत्यांचा उपाय म्हणजे यंत्रातच तापमानाचा सेन्सर बसवणे. पडदा तापला की तो स्वतःच इशारा देतो, बॅकलाइट मंद करतो. म्हणजे प्रमाण स्वतःचेच प्रमाण होते. बौद्ध दार्शनिक नागार्जुनांनी विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात यावरच घाव घातला होता: प्रमाणे दुसऱ्या प्रमाणांनी सिद्ध होत असतील तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, आणि दिवा स्वतःला उजळतो तशी स्वतःच सिद्ध होत असतील, तर तो दृष्टान्तच चुकीचा, कारण दिव्याच्या ठिकाणी उजळण्याजोगा अंधार नसतोच. न्यायसूत्रांत याला एक फार समंजस उत्तर आहे. सोने तोलणारी तुला हे प्रमाण आहे. पण तिच्याबद्दल शंका आली, तर ज्ञात वजनाच्या सोन्याने तीच तपासता येते, तेव्हा ती प्रमेय, म्हणजे तपासाचा विषय, होते. एकच वस्तू वेगवेगळ्या वेळी दोन्ही असू शकते. अट एवढीच की तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच क्षणी एकच नसावे. ज्या सेन्सरचा इशारा त्याच तापलेल्या प्रोसेसरमधून, त्याच पडद्यावर उमटणार आहे, तो ही अट पुरी करत नाही.

इशारा न येण्याचा अर्थ काय, हा वेगळा मुद्दा आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानतात: घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण ही अनुपलब्धी योग्य असावी लागते; घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणे काहीच सिद्ध करत नाही. धोक्याचा दिवा लागला नाही म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष दिवा चालू आहे हे माहीत असेल तरच निघतो. म्हणून माप मिळेनासे झाले की त्या जागी तांबडी फुली दाखवण्याची पद्धत ज्ञानाच्या दृष्टीने मोलाची आहे. ती ‘माहीत नाही’ हे स्पष्ट सांगते.

शब्दप्रमाणाचा संबंध विमानाच्या घडणीशीही आहे. मोठ्या विमानांप्रमाणे सरकारी यंत्रणेकडून नमुन्याचे प्रमाणपत्र घेण्याऐवजी या वर्गात उत्पादक एएसटीएम या संस्थेची मानके पाळल्याचे स्वतः घोषित करतो. वात्स्यायनांच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. पहिली अट उष्णतेच्या चाचणीने पुरी होते, दुसरी प्रामाणिक माहितीपुस्तिकेने. तापमानाची मर्यादा मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापणे दुसरी अट पुरती पाळत नाही.

यंत्र सोडून इंद्रियांवर विसंबावे, हा यावरचा तोडगा नव्हे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवरून उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला लावले. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. १९ जण गिरक्या घेत खाली जाणाऱ्या वळणात सापडले. कानातील तोल सांभाळणारे इंद्रियही वळणात सरावते आणि खोटे सांगू लागते. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो हे दार्शनिकांचे जुने उदाहरण त्याच जातीचे.

मग शंका कुठे थांबवायची? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेची सीमा व्याघात ही सांगितली आहे: जी शंका धरून माणसाला स्वतःची कृतीच करता येणार नाही, ती शंका तो प्रत्यक्षात बाळगतच नसतो. या सीमेपर्यंत मात्र शंकेला जागा द्यावी लागते, आणि कॉकपिटची रचना ती जागा देऊ शकते. विजेवाचून चालणारे साधे वेगदर्शक, हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक आणि चुंबकीय होकायंत्र ही मुख्य पडद्याहून वेगळ्या कारणांनी बिघडतात, म्हणून त्यांचा दुजोरा खरा दुजोरा असतो. दोन सारखे पडदे एकाच उन्हात शेजारी तापत असतील, तर त्यांची एकवाक्यता काहीच सांगत नाही. या वर्गाची विमाने उडवणाऱ्या स्पोर्ट पायलटला २००४ च्या नियमांनी दिवसाच, किमान तीन मैल दिसत असताना आणि जमीन नजरेत ठेवूनच उडण्याची मुभा दिली होती, त्यामुळे खिडकीबाहेरचे क्षितिजही त्याच्यासाठी एक स्वतंत्र साक्षीदार ठरते.