अर्पण कोणाचे?

पावसाळा सरून बाजरी खळ्यावर आली म्हणजे आपल्या मंडळ्यांतून उपकारस्तुतीच्या सणाची घोषणा होते. कोणी त्याला हंगामाचा सण म्हणतात, कोणी नुसतेच हार्वेस्ट म्हणतात. वसईच्या कॅथलिक बांधवांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत तोच आगेरा म्हणून साजरा होतो. नाव काही असो, वाचकहो, चित्र आपल्या परिचयाचे आहे. वेदीपुढे कणसे, भुईमुगाच्या शेंगा, उसाची मोळी, केळीचा घड, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. आणि शहरातील मंडळी असेल तर घरचा केक व चिवड्याची पाकिटे. उपासना आटोपली की अंगणात लिलाव सुरू होतो. पुकारणारा विनोदी असावा लागतो, आणि तसा एक गृहस्थ प्रत्येक मंडळीत देवाने दिलेला असतोच.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात मी उभा होतो. एक लाल भोपळा निघाला. बाजारात त्याचे साठ रुपये आले असते. बोली चढत चढत अकराशेवर गेली. घेणाऱ्या गृहस्थांनी तो परत अर्पण केला, पुन्हा बोली झाली आणि दुसऱ्या एका सद्‌गृहस्थाने तो सातशेला घेतला. दोघांची नावे ध्वनिक्षेपकावरून घोषित झाली, टाळ्या झाल्या. अठराशे रुपये मंडळीच्या खात्यात आले. तो भोपळा आणला कोणी होता, हे मात्र कोणी विचारले नाही. आणणारी वृद्ध भगिनी पाच हातांवर बसली होती व इतरांबरोबर टाळ्या वाजवीत होती.

घरी परतताना एक साधा प्रश्न मनात आला आणि तो अद्याप सुटलेला नाही. त्या दिवशी अर्पण कोणाचे झाले? भोपळा तिचा, रुपये त्यांचे. देवाच्या घरी जे पोहोचले ते तिचे की त्यांचे? आणि नाव घ्यायचेच होते तर कोणाचे घ्यावयास हवे होते?

लिलावाचा धिक्कार करण्यासाठी मी ही लेखणी उचललेली नाही. त्यात एक मोठे सौंदर्य आहे. ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्या परड्यातील वस्तूला तेथे मोल येते. दोन अंडी देणाऱ्या बाईची दोन अंडी दोनशे रुपये होऊन देवाच्या कामी लागतात. बाजार जे करीत नाही ते मंडळी करते. शिवाय हसतखेळत दिलेले दान कुरकुरत दिलेल्या वर्गणीपेक्षा केव्हाही बरे.

सणाचा उगमही येथे आठवावा. आज ज्या स्वरूपात हा सण चर्चमध्ये होतो, तो इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातील मॉरवेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली साजरा केला. नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यावे, म्हणून त्यांनी आपल्या मंडळीला बोलाविले होते. भाकर मोडली की ती कोणाच्या शेतातली हे उरत नाही. आपण त्या भाकरीपासून भोपळ्याच्या बोलीपर्यंत कसे आलो हे पाहण्यासारखे आहे; पण तो निराळा विषय.

नावे वाचण्याच्या बाबतीत माझे हात स्वच्छ नाहीत. काही वर्षे मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. सणाच्या दिवशी वर्षाच्या वर्गणीची यादी मी वाचीत असे. सर्वांत मोठी रक्कम प्रथम, मग उतरत्या क्रमाने. यादी अपुरी वाचणे मला अन्यायाचे वाटे, म्हणून शेवटच्या नावापर्यंत मी न चुकता वाची, आणि माझ्या या निःपक्षपातीपणाचा मला थोडा अभिमानही होता. शेवटचे नाव बहुधा एका शेतमजुराचे असे. एका वर्षी त्याचे नाव यादीत आले नाही. चौकशी केली तेव्हा त्याची पत्नी माझ्या पत्नीला म्हणाली, "आमचं नाव दरसाल शेवटालाच येतंय बाई, तर मग वाचायचंच कशाला?" तो मनुष्य उपासनेला येत राहिला. थैली पुढे आली की हात घालीत राहिला. मात्र पावती त्याने पुन्हा कधी घेतली नाही, आणि माझ्याशी पूर्वीसारखा बोललाही नाही.

पुढच्या वर्षी मी यादी बंद करून केवळ एकूण जमा सांगितली. त्यावर दोन तक्रारी आल्या. एक वडील म्हणाले, नावे गेली म्हणजे जमा घटेल. आणि ती घटली, हे मला मान्य केलेच पाहिजे. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. एका तरुण सभासदाने विचारले, "नाव नाही, रक्कम नाही, मग माझे पैसे पोहोचले हे मी कशावरून समजू?" तो उद्धट नव्हता. आपल्या संस्थांतून जे जे आपण पाहिले आहे, त्यानंतर हा प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासू म्हणण्याचे धैर्य माझ्या अंगी नाही.

तेव्हा शास्त्राकडे वळावे, तर शास्त्रही सोपे उत्तर देत नाही. डाव्या हाताला उजव्या हाताचे दान कळू देऊ नका, ही प्रभूची शिकवण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून पित्याचे गौरव करावे, ही त्याच प्रभूची शिकवण त्याच डोंगरावर, एकच अध्याय अगोदर आहे. बर्णबाने शेत विकून पैसे आणले ते नावानिशी नोंदले गेले; लागलीच पुढच्या अध्यायात हनन्या व सप्पीरा यांना तसाच नावलौकिक स्वस्तात हवा होता, त्याचे काय झाले ते आपण जाणतो. करिंथकरांच्या उत्साहाची गोष्ट पौल मासेदोनियातील मंडळ्यांना सांगतो, आणि ती खोटी ठरू नये म्हणून करिंथकरांना आगाऊ सावध करतो. आपल्या वडिलांचा युक्तिवाद प्रेषितालाही सर्वस्वी परका नव्हता! पण तोच पौल हे द्रव्य एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून. माझ्या तरुण मित्राचे उत्तर येथे आहे. हिशेब उघडा असावा आणि तो तपासणारा खजिनदाराचा मेहुणा नसावा. पण हिशेब उघडा ठेवणे निराळे आणि देणाऱ्यांची उतरंड रचणे निराळे. मी पहिल्याच्या नावाखाली दुसरे करीत होतो.

गणनाच्या पुस्तकातील सातवा अध्याय आपण बहुधा कंटाळून ओलांडतो. निवासमंडपाच्या वेळी बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पण आणतात. प्रत्येकाचे अर्पण अगदी सारखे: एकशे तीस शेकेलांचे रुप्याचे ताट, सत्तर शेकेलांचा कटोरा, दहा शेकेलांचे सोन्याचे धूपपात्र, आणि तेच पशू. तरी पवित्र शास्त्र ‘इतरांनीही तसेच दिले’ असे म्हणून मोकळे होत नाही. बारा वेळा नाव घेते, बारा वेळा पूर्ण यादी सांगते. नावे आहेत, पण शेवटचा कोणी नाही.

यहूदी परंपरेत याची दुसरी बाजू आहे. मंदिराच्या खजिन्यात तेरा शिंगाकृती पेट्या होत्या, असे मिश्नात नमूद आहे. विधवेच्या दोन टोल्या त्यांतल्याच एकीत पडल्या असाव्यात. पण त्याच मंदिरात एक गुप्त कोठडीही होती. देवभीरू लोक तेथे गुपचूप दान ठेवीत आणि चांगल्या कुळांतील दीन झालेली माणसे तेथूनच गुपचूप घेत. बाराव्या शतकातील मायमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत देणारा व घेणारा यांना परस्परांची ओळख नसणे ही दुसऱ्या क्रमांकाची पायरी आहे; पहिली म्हणजे माणसाला पुन्हा हात पसरावाच लागू नये असे करणे. आपल्या देशात मिझोरामच्या भगिनींनी १९१० पासून चालविलेली मूठभर तांदळाची प्रथा पाहा. रांधताना एक मूठ बाजूला काढायची आणि ती मंडळीला द्यायची. टोपलीत पडलेल्या मुठी निवडून वेगळ्या करता येत नाहीत.

आमच्या चर्चमधील पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे रंगविलेली आहेत. वीज असेपर्यंत ती कोणाला वाचता येत नाहीत. ईश्वरी विनोदाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मला जे म्हणावयाचे आहे त्याकडे येतो. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळाची टोपली घेऊन येणाऱ्याला मोशे गप्प बसवीत नाही. त्याने मोठ्याने बोलावे अशीच आज्ञा आहे. पण काय बोलावे? टोपलीत किती आहे हे त्याने सांगावयाचे नाही. माझा पूर्वज भटका होता, मिसरात आम्ही दास होतो, आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली आणि परमेश्वराने ऐकले, हे त्याने सांगावयाचे. आणि मग लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करावयाचा. देणारा उभा राहतो, सर्वांदेखत बोलतो, पण बोलतो ते आपण काय दिले याविषयी नसते. आपल्याला काय मिळाले याविषयी असते. असे बोलल्यावर टोपली लहान की मोठी हा प्रश्नच उठत नाही, कारण दास्यातून सुटलेले सगळे सारखेच.

आपल्याला हे बोलणे जड का जाते, याचे कारण मला आपल्या इतिहासात दिसते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ, या काळात आपल्यापैकी कितीतरी कुळे मंडळीच्या आश्रयाला आली. केडगावचे मुक्ती सदन अशाच दुष्काळपीडित मुलींनी भरले. त्यावरून ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा टोमणा आपल्या आजोबांनी ऐकला, वडिलांनी ऐकला, आपणही ऐकला. माझ्या आजीने दुष्काळाचा विषय काढला की वडील तिला गप्प करीत. ज्याला घेणारा म्हणून हिणविले गेले, त्याला देणारा म्हणून आपले नाव ध्वनिक्षेपकावर ऐकावेसे वाटले, तर त्याला हसू नये. त्या यादीत आपल्या स्वाभिमानाचा अंश आहे. तरीही मी विचारतो: ज्या भुकेची लाज वाटून आपण ती झाकली, तिच्याविषयी तर त्या टोपलीवाल्याला मोठ्याने बोलण्यास सांगितले होते ना?

गेल्या वर्षी पंचांच्या बैठकीत मी एक लहानशी सूचना मांडली: बोली लावण्यापूर्वी वस्तू आणणाऱ्याने ती कोठून आली हे दोन वाक्यांत सांगावे, आणि घेणाऱ्याचे नाव पावतीवर असावे, ध्वनिक्षेपकावर नको. वेळ जाईल, लोक कंटाळतील, असे आक्षेप निघाले. अखेर एक वर्ष करून पाहू, असे ठरले. लोक थोडे कंटाळलेही. एका मुलाने आणलेली कोंबडी बोलता बोलता त्याच्या हातून सुटली, तिला धरण्यात दहा मिनिटे गेली.

त्या वृद्ध भगिनीने याही वेळी भोपळाच आणला होता. तिला उभे केले तेव्हा ती प्रथम लाजली. मग म्हणाली, "बांधावर आपोआप उगवला होता. म्या निस्तं पाणी घातलं. दोन उन्हाळे हिरीला पाणी नव्हतं, औंदा आलं." एवढे बोलून ती खाली बसली. क्षणभर पुकारणाऱ्यालाही विनोद सुचला नाही.

भोपळा एकशे चाळीस रुपयांना गेला. घेणाऱ्याने तो परत अर्पण केला नाही; घरी नेला.